जुन्या नावाची सही

"ताई, तुमची पऱ्हाटी थैल्या उण्या दाखवून राहिली. असतीन तं असतीन, नसतीन तं झिरो. उण्या कशा राहतीन? मी का बियाण्याले देणं लागतो?"

बार्शीटाकळीच्या देवीदासचा फोन होता. त्याचं कृषी केंद्र, आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर बिलं करणारं सॉफ्टवेअर म्हणजे पऱ्हाटी. हर्षानं फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला आणि तव्यावरची पोळी उलटली.

"देवीदासभाऊ, काल गाडी खाली झाली का तुमच्याकडं?"

"झाली नं. संध्याकाळी."

"तिचं बिल चढवलं?"

देवीदास खाकरला. "चढवतोच हाय आता."

"आन् थैल्या सकाळपासून विकून राहिले. आलेल्या लिवल्याच नाहीत, तं गेलेल्या उण्यातच जातीन नं. आधी गाडीचं बिल चढवा."

"म्हणजे मशीन नाही चुकलं."

"नाही."

"मंग कोण चुकलं म्हणता?"

"अकोल्याचं ऊन," हर्षा म्हणाली. देवीदास खो खो हसला आणि त्यानं फोन ठेवला. दुकानदाराची चूक त्याच्या पदरात टाकायची नसते, ती हवेत कुठंतरी टांगून द्यायची असते. हे हर्षा कॉलेजात शिकली नव्हती. नांदगाव पेठेला बापाच्या गल्ल्याशेजारी स्टुलावर बसून शिकली होती.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. ओसरीत सूप घेऊन बसलेल्या माणिकबाईंनी, म्हणजे हर्षाच्या सासूबाईंनी, मान वर न करताच विचारलं, "तुहा भाऊ आला वाटते. हातात फाईल हाय का पाह्य पैले."

"काय आई तुमी बी."

"मी बी म्हणजे? राखीले ये म्हटलं तं त्याले टाइम नाही. मे महिन्याच्या उन्हात अमरावतीहून इथं आला, तो का माह्या हातचं लोणचं खायाले आला?"

हर्षा खिडकीशी गेली. किशोरच्या हातात फाईल होती. पण तिचं लक्ष गाडीच्या मागच्या दाराकडं गेलं. तिथून तिचे बाबा, पुंजाजी, उतरत होते, एका हाताने दार धरून, दुसऱ्या हातात स्टीलची पाण्याची बाटली. किशोर एकटा आला तर काम असतं. बाबांना घेऊन आला, तर ते काम बाबांशिवाय होणारं नसतं.

पाण्याची बाटली ही पुंजाजींची शिस्त होती. लेकीच्या घरचं खायचं नाही, प्यायचं नाही. गावातल्या बाकीच्यांनी हे केव्हाच सोडलं होतं. नात झाली तेव्हा भटजींपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांनी सांगून पाहिलं की आता बंधन सुटलं. पुंजाजी म्हणाले, "तुमचं सुटलं असंन." त्यानंतर कोणी विषय काढला नाही.

ते आत आले, कूलरसमोरच्या खुर्चीवर बसले, बाटली पायाशी ठेवली. हर्षानं वाकून नमस्कार केला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तिथं राहिला. तेही तिच्या हिशोबात जमा झालं.

"अपेक्षा कुठी गेली?" त्यांनी नातीची आणि जावयाची चौकशी केली.

"शिबिराले गेली बाबा. मनोजही ऑफिसात हायेत."

"बरं झालं," पुंजाजी म्हणाले. ते बाटली उघडून घोटभर पाणी प्याले.

*

पऱ्हाटी कशी जन्मली याच्या दोन गोष्टी होत्या. एक किशोर सांगायचा, कॉलेजांतल्या कार्यक्रमांत, माईक हातात घेऊन. ज्ञानाला कुलूप नसावं, असा विचार गावंडे भावंडांच्या मनात आला वगैरे. लोक टाळ्या वाजवत. किशोरचं बोलणं असं होतं की समोरच्याला आपण शहाणे झालो असं वाटायचं, आणि हा गुण बाजारात फार महाग जातो.

दुसरी गोष्ट खरी होती आणि ती कोणी सांगत नव्हतं.

पुंजाजींच्या कृषी केंद्रात एकदा तपासणी झाली आणि थैल्या आणि रजिस्टर यांचा मेळ बसेना. कोणत्या लॉटच्या किती थैल्या आल्या, किती गेल्या, सांगता येईना. हर्षा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं बापासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. फोल्डरला नाव काहीतरी द्यायचं, म्हणून खिडकीतून दिसणाऱ्या वावरातल्या कपाशीचं दिलं, पऱ्हाटी. मागाहून चांगलं नाव देऊ असं ठरलं होतं, ते राहूनच गेलं.

पुढच्या हंगामात शेजारच्या गावचा दुकानदार आला. त्याला ते हवं होतं. किती द्यायचे, असं त्यानं विचारलं. पुंजाजी म्हणाले, "लेकीनं केलं ते. लेकीच्या कामाचे पैसे घेऊ का मी? ने असंच."

तो घेऊन गेला. त्यानं साळ्याला दिलं, साळ्यानं मोर्शीच्या दोस्ताला दिलं. प्रत्येक वेळी कोणीतरी किंमत विचारी आणि पुंजाजींना अपमान झाल्यासारखं वाटे. जगात मोठमोठ्या विचारांती जे झालं असेल ते होवो, नांदगाव पेठेत सॉफ्टवेअर फुकट झालं ते एका बापाच्या सोवळ्यामुळे.

त्या वर्षी हर्षाच्या कॉलेजात सॉफ्टवेअरवर एक शिबिर होतं. संध्याकाळी उशीर होणार, म्हणून सोबत किशोरला पाठवलं. तो बी.कॉम. झालेला, घरी बसलेला. हर्षा पुढच्या बाकावर लिहून घेत होती आणि किशोर मागं बसून नुसता ऐकत होता. परतीच्या एस.टी.त तो एकदम म्हणाला, "हर्षू, बाबा जे करून राहिले नं, त्याले इंग्रजीत नाव हाय. ओपन सोर्स म्हणतेत त्याले. त्याची कंपनी निंगते."

"फुकटच्या वस्तूची कंपनी?"

"वस्तू फुकट. बसवून देणं, शिकवणं, बिघडलं तं धावत जाणं, त्याचे पैसे. ते तुहं काम थोडीच हाय? ते माहं हाय. माह्ये पैसे घ्याले बाबाले काय हरकत?"

अशी ती वाट निघाली. पऱ्हाटीला रीतसर परवाना जोडला. त्याचा अर्थ हर्षानं बाबांना वाचून दाखवला होता. घ्या, वापरा, पाहिजे तसं बदला. मात्र बदललेलं पुढं देताना असंच मोकळं द्या. आणि ज्यांनी लिहिलं त्यांची नावं पुसू नका. पुंजाजींनी विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे घरच्या बियाण्यावानी. ठीक हाय."

*

"चहा नको," किशोर म्हणाला. "जेवतोच एकदम. काय वास सुटला वांग्याचा!"

त्यानं आणलेली पिशवी माणिकबाईंपुढं ठेवली. आत साडी होती, हर्षासाठी, चांगल्या दुकानातली. माणिकबाईंनी पदराचं टोक दोन बोटांत धरून चोळून पाहिलं.

"माह्या भावानंही आणली होती अशीच," त्या म्हणाल्या. "वावराच्या कागदावर सही घेतली त्या दिवशी. पैल्या धुण्यात रंग गेला."

"हिचा नाही जाणार मावशी. ग्यारंटीची हाय."

"त्याचीबी होती."

किशोर मोकळेपणानं हसला. बोलण्यातला काटा त्याला कळत नव्हता असं नाही. पण काटा बोचला असं दाखवलं तर थांबावं लागतं, आणि थांबून धंदा होत नाही. तो जेवला. पुंजाजी भिंतीकडं बघत बसले. त्यांचा डबा ते गाडीतच, वाटेत खाऊन आले होते. मग किशोरनं हात धुतले, फाईल उघडली आणि बहिणीला समजावून सांगावं तसं नाही, गिऱ्हाईकाला सांगावं तसं सांगायला लागला.

पुण्याची एक कंपनी पऱ्हाटी विकत घेत होती. गेली दोन-तीन वर्षं किशोरच्या कंपनीचं काही खरं नव्हतं. मोबाईलवर चालणारी नवी ॲपं आली होती. त्यांच्या मालकांकडं दहा वर्षं तोट्यात बसायची ताकद होती. दुकानदार एकेक करून तिकडं जात होते. अमरावतीच्या राजापेठेतल्या ऑफिसात जी पोरं होती, नांदगावची, तिवशाची, चांदूर बाजारची, बारावीनंतर किशोरनं धरून आणून शिकवलेली, त्यांना दर महिन्याला तोंड दाखवणं किशोरला जड जात होतं. पुण्याची कंपनी पोरांना ठेवून घेणार होती, सगळ्यांना. पण तिला पऱ्हाटी मोकळी नको होती.

"त्याईचं म्हणणं, आमी पैसे मोजले आन् उद्या कोणीबी फुकट घेऊन गेला, तं आमी काय घेतलं? बरोबर हाय नं त्याईचं."

"बरोबर हाय," हर्षा म्हणाली.

"तं परवाना बदला लागते. आन् परवाना बदलाले, ज्यानं ज्यानं लिवलं त्याची सही लागते. पोरायच्या सगळ्यायच्या भेटल्या. आता तूच एकटी राहिली."

ही 'एकटी' कशी, ते दोघांनाही ठाऊक होतं. पोरांनी खिडक्या-दारं बसवली होती. भिंती आणि छत हर्षाचं होतं. कंपनीत तिचं नाव मात्र कुठंच नव्हतं.

तेही एकाच दिवशी झालं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती हक्कसोडीच्या सहीसाठी अमरावतीला गेली होती. वावरातला आपला वाटा भावासाठी सोडल्याचा कागद, जो सगळ्या बहिणी करतात. तिनं आनंदानं केला. वावर माहेरी राहतं, माहेर आपलं राहतं. तिथून दोघं भावंडं परस्पर सीएच्या ऑफिसात गेली, कारण कंपनीही त्याच आठवड्यात नोंदवायची होती. सीएनं विचारलं, भागीदार कोण कोण? हर्षा पर्समधून पेन काढत होती. किशोर म्हणाला, "मी आन् बाबा." तिनं पेन परत पर्समध्ये ठेवला.

किशोरच्या मनात पाप नव्हतं, हे समजून घ्यायला पाहिजे. पाप असतं तर त्यानं तिला सोबत नेलं नसतं. सकाळी त्यानं वावर घरात ठेवलं, दुपारी त्याच हातानं पऱ्हाटी ठेवली. लेक गेली अकोल्याला. मग ती भागीदार कशी? हे त्याला इतकं सरळ दिसत होतं की विचारायचं सुचलंच नाही. आणि हर्षालाही बोलायचं सुचलं नाही. बाहेर येऊन दोघांनी उसाचा रस प्याला.

त्यानंतर ती अकोल्यातून लिहीत राहिली. अपेक्षाला पाळण्यात झोपवून, सासऱ्यांच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर, शिलाई मशीनच्या फळीवर लॅपटॉप ठेवून. जीएसटी आला त्या वर्षी सगळ्या वऱ्हाडातले दुकानदार घाबरून गेले होते. नवा कायदा पऱ्हाटीत बसवायला तिला जितकी जाग्रणं लागली, तितक्यात एखादं बाळंतपण निघालं असतं. त्या एका हंगामात किशोरची कंपनी उभी राहिली. त्यानं वर्तमानपत्रात फोटो छापून आणला. पगाराचा विषय एकदाच निघाला होता. पुंजाजी म्हणाले होते, "लेकीले पगार देतेत का?" लेकीचं घ्यायचं नाही, लेकीला द्यायचंही नाही. हिशोब दोन्हीकडून चोख.

पण एक गोष्ट तिची होती. पऱ्हाटीची प्रत्येक फाईल उघडली की डोक्यावर पहिली ओळ असे: लेखन, हर्षा पुंजाजी गावंडे, नांदगाव पेठ. आधार कार्डावर, रेशन कार्डावर, बँकेत, गॅसच्या पुस्तकावर ती हर्षा मनोज मानकर झालेली होती. हे एकच ठिकाण राहिलं होतं. ते बदल असं तिला कोणी म्हटलं नाही, कारण त्या फायली उघडून बघणारं दोन्ही घरांत कोणी नव्हतं.

*

"आन् जुनी?" हर्षानं विचारलं. "जुनी पऱ्हाटी तं मोकळीच राहते. एकदा दिलेला परवाना माघारी नाही घेता येत."

"ज्याच्यापाशी हाय त्याच्यापाशी राहीन. कोण आडवते?" किशोरनं पान उलटलं. "फक्त ती तू नाही चालवाची. दुरुस्त्या, नवं काही, फोन घेणं, सगळं बंद. मालकाची सख्खी बहीण फुकट वाटून राहिली तं ते काहून घेतीन?"

"देवीदासनं फोन केला तं?"

"कोण देवीदास?"

हर्षानं पुढचं पान स्वतःच उलटलं.

"आन् हे एक बारीकसं," किशोर पानावर बोट ठेवून म्हणाला. "फायलीयच्या वरती तुहं नाव हाय नं, ते काढा लागते. तिथं कंपनीचं येईन. वकील म्हणे त्याच्याशिवाय जमत नाही. हे काय, ऑफिसातलं पोट्टं एका मिनटात करीन. एक कमांड तं हाय."

"माहीत हाय मले. म्याच लिवली ती कमांड."

हे ती अगदी हळू म्हणाली. किशोरनं मान डोलावली, जणू मुद्दा निकाली निघाला.

ओसरीतून व्याह्यांना उद्देशून माणिकबाईंचा आवाज आला, "इवाई, बाटली रिकामी झाली वाटते तुमची. माठात पाणी हाय. महानगरपालिकेचं हाय बरं, लेकीचं नाही."

पुंजाजींना हसू आलं. खरंच आलं. त्यांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली आणि नाही म्हणून मान हलवली.

हर्षा त्यांच्याकडं वळली. खुर्चीसमोर खाली बसली, लहानपणी बसायची तशी.

"बाबा, तुमी सांगा."

"काय सांगू बाई. किशोर सांगून राहिला नं."

"तो त्याचं सांगून राहिला. तुमी तुमचं सांगा. तवा लोक पैसे घेऊन यायचे तं तुमी ओरडायचे त्याईच्यावर. लेकीच्या कामाचा पैसा घरात येत नाही म्हणे. मले किती भारी वाटायचं बाबा. म्या कवाच कोणाले एक रुपया मागतला नाही. आता हे विकून राहिले तुमी. हे काय हाय मंग?"

किशोर म्हणाला, "हर्षू, बाबाले कायले—"

"तू थांब दादा."

कूलरचं पाणी संपत आलं होतं आणि आतला पंप खरखर आवाज करत होता. पुंजाजी त्या आवाजाकडं कान देऊन बसले. त्यांच्या चेहऱ्यावर लाज होती, आणि ती त्यांना लपवता येत नव्हती, कारण आयुष्यात तिची फारशी सवय नव्हती.

"तवा परवडत होतं बाई," ते म्हणाले.

एवढंच. मग खाली बघत, "सही करून दे."

तिला वाटलं होतं ते रागावतील, किंवा रडतील, किंवा तिला चूप बस म्हणतील. त्यातलं काहीही तिला चाललं असतं. तिनं इतकी वर्षं फुकट लिहिलं, कारण तिच्या बापाच्या घरात लेकीच्या कामाला किंमत लावत नाहीत, इतकं ते मोठं मानतात, असं तिनं धरलं होतं. आता कळलं की किंमत होती. ती लेकीच्या हातात द्यायची नव्हती, एवढंच.

आणि तरीही नाही म्हणता येत नव्हतं. ती पोरं होती. त्यांतल्या दोघांचे तिला रोज मेसेज येत, हर्षाताई हे असं काहून, ते तसं काहून. त्यांची घरं तिला ठाऊक होती. आणि समोर बाप होता, अकोल्याच्या मे महिन्यात तहानलेला. ती नाही म्हणाली असती तर तो उठून तसाच गाडीत बसला असता आणि पुन्हा या फाटकात आला नसता. किशोरनं त्यांना का आणलं, हे तिला गाडीचं दार उघडलं तेव्हाच कळलं होतं. फक्त इतकं स्वस्तात काम होईल असं तिला वाटलं नव्हतं.

"दे पेन," ती म्हणाली.

*

सह्या दोन करायच्या होत्या. वकिलानं नाव असं घातलं होतं: हर्षा मनोज मानकर, पूर्वाश्रमीची हर्षा पुंजाजी गावंडे. नव्या नावाची एक, जुन्या नावाची एक. पहिली तिनं सरळ केली. दुसरीपाशी पेन थांबला.

"काय झालं?" किशोरनं विचारलं.

"आठवून नाही राहिली. कशी करत होती मी."

कॉलेजात तिची सही प्रसिद्ध होती. गावंडेचा 'डे' ती असा ओढायची की मैत्रिणी म्हणायच्या, ही पुढं नोटेवर सही करील. तिनं कोपऱ्यातलं वर्तमानपत्र ओढलं आणि समासात करून पाहिली. जमली नाही. पुन्हा केली. अक्षरं बरोबर येत होती, पण सही होत नव्हती, नाव होत होतं. लग्नानंतर कोणी मागितलीच नव्हती. जे नाव फायलींच्या डोक्यावर रोज दिसत होतं ते बोटांनी टाईप केलेलं होतं. हातातून ते केव्हाच गेलं होतं.

माणिकबाई सूप बाजूला ठेवून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काहीबी कर हर्षू, कोण पाहून राहिलं," किशोर म्हणाला. "जुन्या सहीशी कोण मिळवते आता?"

"मी पाहून राहिलो," पुंजाजी एकदम म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण किशोर गप्प झाला. "करू दे तिले बरोबर."

समास भरत आला तेव्हा ती जमली. 'डे'चा फराटा कागदाच्या कडेपर्यंत गेला. तीच सही तिनं स्टॅम्प पेपरवर केली. किशोरनं शाईवर हळूच फुंकर मारली आणि फाईल मिटली. आणि मग त्याचा चेहरा कसातरी झाला. काम झाल्यावरच माणसाला आपण काय केलं ते दिसायला वेळ मिळतो. तो म्हणाला, "हर्षू, पुण्याचं निस्तरलं की तुह्या नावानं काहीतरी—"

"दादा, फायलीतलं नाव मी काढीन. पोट्ट्याले सांगू नको."

"अवं पण एका मिनटाचं—"

"मी काढीन म्हटलं नं."

"बरं. पण आजच्या आज, हां. उद्या त्याईले द्यायचं हाय."

ती त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेली. पुंजाजी गाडीत बसले, काच खाली केली. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. ते म्हणाले, "उनात उभी नको राहू." गाडी वळणावर गेल्यावरही ती थोडा वेळ उभीच होती.

*

शिलाई मशीनच्या फळीवर तिनं लॅपटॉप उघडला. कमांड एका ओळीची होती. ती वापरली असती तर सगळ्या फायलींतलं नाव डोळ्यांची पापणी लवायच्या आत गेलं असतं. तिनं ती वापरली नाही. एकेक फाईल उघडली, पहिल्या ओळीवर गेली, नाव खोडलं, फाईल मिटली. पुन्हा पुढची. थैल्यांची. उधारीची. गाडीभाड्याची. जीएसटीची, जिच्यात मधेच एका ठिकाणी अपेक्षानं रांगत येऊन कीबोर्डवर थापटलेली अक्षरं होती. ती काढायची राहून गेली होती आणि त्यानं काही बिघडलंही नव्हतं. बापाच्या दुकानासाठी सुट्टीत लिहिलेली सगळ्यांत पहिली फाईल सगळ्यांत शेवटी आली. तिथं नावापुढं गाव होतं, आणि गावापुढं तिनं तेव्हा पिनकोडसुद्धा लिहिला होता, कोणी पत्र पाठवलं तर पोचावं म्हणून.

तेही खोडलं.

अशा कामात एक रीत असते. बदल केला की काय बदललं ते एका ओळीत लिहावं लागतं, त्याशिवाय यंत्र तो जमा करून घेत नाही. हर्षानं इतकी वर्षं त्या ओळी वऱ्हाडीतच लिहिल्या होत्या. थैली उणी दाखवत होती, नीट केली. बिलात पैसे दोनदा लागून राहिले होते, आता नाही लागत. पुण्याच्या लोकांना त्या वाचता येतील की नाही, कोण जाणे.

चौकट उघडी होती आणि यंत्र वाट पाहत होतं. तिनं बराच विचार केला. मग लिहिलं, नाव काढलं.

यंत्रानं ते जमा केलं आणि, प्रत्येक बदलाखाली करतं तसं, बदल करणाऱ्याचं, अगदी सुरुवातीला तिनं नोंदवलेलं नाव आपणहून खाली लिहिलं: हर्षा पुंजाजी गावंडे.

तिनं ते वाचलं. ती ओळ पुसायची कमांडही तिला येत होती. तिनं लॅपटॉपचं झाकण लावलं, ओसरीत गेली, आणि माणिकबाईंच्या समोर बसून सुपातली अर्धी डाळ आपल्याकडं ओढून निवडायला लागली. माणिकबाईंनी तिच्याकडं पाहिलं, आणि सूप आणखी थोडं तिच्या बाजूला सरकवलं.